काळी ओढणी छापताना: रोझलिनच्या व्यक्तिचित्राची चांगली प्रत कशी करून घ्यावी

स्टॉकहोमच्या नॅशनलम्युझियममध्ये एका स्त्रीचं व्यक्तिचित्र आहे. डोक्यावरून घेतलेली काळी रेशमी ओढणी तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर आली आहे. हातात मिटलेला पंखा आहे, आणि उघड्या राहिलेल्या एका डोळ्याने ती थेट आपल्याकडे बघत किंचित हसते आहे. अलेक्झांडर रोझलिन या स्वीडिश चित्रकाराने हे तैलचित्र १७६८ साली रंगवलं. ‘ओढणीतली स्त्री’ म्हणून ते ओळखलं जातं. स्वीडनमधल्या सर्वांत लोकप्रिय जुन्या चित्रांत त्याची गणना होते.

या चित्राची छापील प्रत घरात लावायची असेल तर ती आज पुण्यात किंवा नाशिकमध्ये बसूनही उत्तम करून घेता येते. पण बऱ्याच प्रती बिघडतात, आणि त्या बहुधा एकाच जागी बिघडतात: ओढणीत. मूळ चित्रातल्या काळ्या रंगात घड्या आहेत, घड्यांच्या कडांवर मंद चमक आहे, कापड कुठे पातळ आहे आणि कुठे दुहेरी झालं आहे तेही कळतं. निकृष्ट प्रतीत हे सगळं जाऊन तिथे नुसता काळा डाग उरतो. म्हणून इथून पुढे प्रत्येक टप्प्यावर आपण आधी ओढणीकडे बघू.

चित्रातली माणसं थोडी ओळखीची असावीत, त्याने नजर तयार होते. रोझलिनचा जन्म १७१८ चा, माल्मो शहरातला. १७५२ मध्ये तो पॅरिसला गेला आणि तिथल्या दरबारी वर्तुळात त्याचं नाव झालं. रेशीम, मखमल, लेस रंगवावी तर त्याने, अशी त्याची ख्याती होती. चित्रातली स्त्री ही त्याची पत्नी, मारी-सुझान जिरूस्त. तीही चित्रकार होती, पेस्टलमध्ये म्हणजे रंगीत खडूंमध्ये व्यक्तिचित्रं काढणारी. रोझलिन प्रोटेस्टंट होता, त्यामुळे हे लग्न सहजासहजी झालं नाही. ते १७५९ मध्ये झालं. फ्रान्सच्या राजेशाही कला अकादमीत तिला १७७० मध्ये प्रवेश मिळाला, आणि दोनच वर्षांनी, ३८ वर्षांची असताना, ती वारली. चित्रातला वेश इटलीतल्या बोलोन्या शहरातल्या स्त्रियांच्या पद्धतीचा आहे. तिच्या नजरेत जो मोकळेपणा आहे तो रंगवणाऱ्याच्या आणि बसणारीच्या नात्यातून आला आहे असं मला नेहमी वाटतं. प्रतीत तोही उतरायला हवा.

पहिला प्रश्न हक्कांचा. चित्र छापायला परवानगी लागते का? भारतीय कायद्यानुसार चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत त्याच्या कृतीवर स्वामित्वहक्क राहतो, स्वीडनमध्ये ७० वर्षं. रोझलिन १७९३ मध्ये गेला, त्यामुळे चित्र केव्हाच सगळ्यांचं झालं आहे. मात्र चित्राचा फोटो कोणी काढला आणि तो कोणत्या अटींवर दिला, हा वेगळा प्रश्न असतो. तो तपासून घ्यावा. नॅशनलम्युझियमने ऑक्टोबर २०१६ मध्ये आपल्या संग्रहातल्या सुमारे ३,००० चित्रांचे मोठे फोटो सर्वांसाठी खुले केले. असा खुला फोटो हाती असला तर मनात किंतू ठेवायचं कारण नाही.

आता फोटोची निवड. इथे घाई करू नये, कारण पुढची सगळी मेहनत यावर उभी असते. एकाच चित्राचे डझनभर फोटो आपल्याला दिसतील: एक पिवळसर, एक निळसर, एकात चेहरा गुलाबी, एकात ओढणी करडी. पुस्तकातून स्कॅन केलेले, कोणी दालनात मोबाइलवर टिपलेले, कोणी हौसेने रंग भडक केलेले. ॲमस्टरडॅमच्या राईक्सम्युझियमलाही हाच अनुभव आला होता. व्हर्मीर या चित्रकाराच्या ‘दूध ओतणारी स्त्री’ या चित्राच्या पिवळ्या पडलेल्या नकला इतक्या पसरल्या, की लोकांना संग्रहालयातली खरी रंगसंगतीच चुकीची वाटू लागली. त्यावर तोडगा म्हणून संग्रहालयाने आपला चांगला फोटो खुला केला. म्हणून फोटो घ्यावा तो शक्यतो मूळ संग्रहालयाकडचा. विकिमीडिया कॉमन्सवरून घेत असाल तर फोटोखालची माहिती उघडून तो कुणाकडून आला आहे ते पाहावं.

फोटो संगणकावर पूर्ण आकारात उघडा आणि ओढणीचा भाग मोठा करा. घड्या दिसतात का? गडद भागात चौकोनी ठिपके किंवा पट्टे दिसत असतील तर तो फोटो जास्त दाबलेला, म्हणजे जागा वाचवण्यासाठी तपशील काढून टाकलेला आहे. तो बाजूला ठेवा. जे फाइलमध्येच नाही ते कोणतंही यंत्र कागदावर आणू शकत नाही.

पुढे थोडं गणित आहे, पण सोपं आहे. डिजिटल फोटो बारीक चौकोनी ठिपक्यांचा बनलेला असतो, त्यांना पिक्सेल म्हणतात. छापताना एका इंचात किती पिक्सेल बसवले यावर प्रत किती रेखीव दिसेल ते ठरतं. इंचाला ३०० हे उत्तम, २०० चालतं, १५० च्या खाली गेलं की जवळून बघणाऱ्याला मऊपणा जाणवतो. मूळ चित्र ६५ बाय ५४ सेंटिमीटर आहे, म्हणजे सुमारे २५.६ बाय २१.३ इंच. मूळ आकारात इंचाला ३०० या हिशेबाने छापायचं तर फाइल सुमारे ७,६८० बाय ६,३८० पिक्सेल हवी. इंचाला २०० धरले तर ५,१२० बाय ४,२५० पुरते. आपल्याकडची फाइल २,००० पिक्सेलांचीच असेल तर मोठ्या आकाराचा हट्ट सोडून दहा-बारा इंचांची प्रत करावी. ती नेटकी दिसेल.

हल्ली सॉफ्टवेअर वापरून लहान फोटो मोठा करता येतो. निसर्गचित्राला ते कधीकधी चालून जातं. व्यक्तिचित्राला मात्र मी ते कधीच सुचवणार नाही. सॉफ्टवेअर जिथे तपशील नाही तिथे अंदाजाने भर घालतं, आणि डोळ्याच्या कडेला किंवा ओठांच्या कोपऱ्यात अशी भर पडली की चेहरा दुसऱ्याच कुणाचा होतो. या स्त्रीचं सगळं हसू ओठांच्या त्या कोपऱ्यात आहे.

आकार ठरवताना चित्राचं प्रमाण पाहावं. ६५ ला ५४ ने भागलं की १.२ येतात, म्हणजे रुंदीच्या १.२ पट उंची. दुकानात मिळणारा ए-थ्री कागद रुंदीच्या सुमारे १.४ पट उंच असतो. हे चित्र त्यावर काठोकाठ भरायचं तर रुंदीतून पाच सेंटिमीटरहून जास्त भाग कापला जातो, आणि तो बहुधा ओढणीचाच जातो. नेहमीच्या मापांत २० बाय २४ इंच हे या चित्राला जवळजवळ तंतोतंत बसतं, फरक पडतो जेमतेम दोन मिलिमीटरचा. लहान हवं असेल तर १० बाय १२ किंवा १५ बाय १८ इंच घ्या. ए-थ्रीच वापरायचा असेल तर चित्र पूर्ण ठेवून वर-खाली पांढरी जागा सोडायला सांगा. प्रिंटवाल्याला स्पष्ट शब्दांत सांगायचं: चित्र कापायचं नाही आणि ताणायचंही नाही. ताणलेलं चित्र लगेच लक्षात येत नाही, पण चेहरा लांबट होतो आणि घरी आल्यावर काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहतं.

मूळ चित्र इतकं आटोपशीर आहे ही चांगली गोष्ट आहे. दरबारी व्यक्तिचित्रं पुष्कळदा माणसाहून उंच असतात, त्यांची घरगुती प्रत म्हणजे नेहमी लघुरूपच. हे चित्र दोन खोल्यांच्या घरातही मूळ आकारात लावता येतं. फाइल तेवढी मोठी असेल तर मी मूळ आकाराचाच आग्रह धरेन, कारण त्या आकारात चेहरा आपल्याशी बोलायला बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याच्या मापाजवळ येतो.

फाइल दुकानात कशी पोचवता, यावरही बरंच अवलंबून आहे. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं आणि ते कुणाला कळतही नाही. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली फाइल वाटेतच लहान होते. पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर सरळ पेनड्राइव्हवर न्या. फाइलचं नाव, पिक्सेल आणि हवा असलेला आकार एका कागदावर लिहून द्या. आणि एक सूचना ठळकपणे द्या: कोणतंही करेक्शन करायचं नाही. बऱ्याच दुकानांत लग्नाच्या फोटोंची सवय असल्याने चेहरा उजळणं, रंग गडद करणं हे आपोआप होतं. रोझलिनने त्वचेचा जो मोतिया रंग ठेवला आहे तो अशा उजळण्याने पांढराफटक पडतो, आणि काळी ओढणी करडी दिसू लागते.

रंगांबद्दल एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. प्रत्येक फाइलसोबत रंग कसे वाचायचे याची एक नोंद असते, तिला प्रोफाइल म्हणतात. आपल्याकडच्या बहुतेक छपाईच्या जागी एसआरजीबी हे प्रोफाइल चालतं. फाइल दुसऱ्या प्रोफाइलमध्ये असेल आणि ती नोंद वाटेत गळाली तर रंग मळकट येतात. म्हणून दुकानात विचारावं की त्यांना कोणतं प्रोफाइल हवं. चांगलं दुकान हे स्वतःहून सांगतं. प्रश्न ऐकून कोणी गोंधळला तर दुसरं दुकान शोधलेलं बरं.

मग आपला पडदा. मोबाइल आणि लॅपटॉपचे पडदे फार प्रखर ठेवलेले असतात. पडदा स्वतः प्रकाश देतो, कागद फक्त खोलीतला प्रकाश परत पाठवतो. त्यामुळे प्रखर पडद्यावर सुरेख दिसणारं चित्र कागदावर अंधारं येतं, आणि ‘प्रिंट काळी आली’ ही तक्रार बहुतेक वेळा इथून निघते. पडद्याची प्रखरता कमी करा, इतकी की शेजारी धरलेला कोरा पांढरा कागद आणि पडद्यावरचा पांढरा भाग साधारण सारखे दिसतील. त्या प्रकाशात ओढणीच्या घड्या दिसल्या तर कागदावरही दिसतील.

आता शाई आणि कागद, आणि इथे थोडं थांबायला हवं. आपल्याकडे चित्रांच्या प्रती घरोघरी पोचवल्या त्या राजा रविवर्मा यांच्या छापखान्याने. तो १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला. तिथे प्रत्येक रंगासाठी छपाईचा वेगळा दगड लागे, आणि कारागीर मूळ चित्र डोळ्यांनी वाचून त्याचे रंग वेगळे करून दगडांवर उतरवत. आजचं इंकजेट यंत्र आठ-दहा किंवा बारा शायांचे सूक्ष्म थेंब कागदावर फवारून तेच काम एका फेरीत करतं. कारागिराची ती नजर मात्र यंत्रात नसते, ती मागणी देणाऱ्यालाच दाखवावी लागते.

शाईचे दोन प्रकार आहेत. डाय शाईत रंग पूर्ण विरघळलेला असतो, ती स्वस्त आणि चटकदार असते, पण प्रकाशात लवकर फिकी पडते. पिगमेंट शाईत रंगाचे अतिसूक्ष्म कण असतात आणि ती चांगल्या कागदावर, काचेमागे, अनेक दशकं टिकते. भिंतीवर लावायच्या चित्रासाठी पिगमेंट शाईच मागावी.

कागदाच्या निवडीत आपली ओढणी पुन्हा पुढे येते. सुती मॅट कागद, म्हणजे कापसाच्या तंतूंपासून केलेला आणि चमक नसलेला कागद, हाताला सुंदर लागतो आणि आर्ट प्रिंटसाठी त्याचीच शिफारस बहुतेक जण करतात. जलरंगांसाठी तो अप्रतिम आहे. पण मॅट कागदावर काळा रंग पुरेसा खोल जात नाही. काळेपणा मोजायची घनता नावाची एक मोजपट्टी आहे. मॅट कागदावर ती साधारण १.६ ते १.७ पर्यंत पोचते, तर बरायटा नावाच्या सौम्य चमकेच्या कागदावर २.२ च्या पुढे जाते. आकड्यांतला फरक लहान वाटतो; पण या मोजपट्टीवर ०.३ वाढले की परत येणारा प्रकाश निम्मा होतो. म्हणजे बरायटावरचा काळा मॅटवरच्या काळ्याच्या चौथ्या हिश्श्याइतकाच प्रकाश परत पाठवतो. तैलचित्रावर वार्निश असतं, त्याचाही काळा असाच खोल दिसतो. म्हणून या चित्राला मी बरायटा किंवा तशाच मंद चमकेचा कागद सुचवेन, वजन चौरस मीटरला ३०० ग्रॅमच्या आसपास. फार पांढराशुभ्र कागद टाळा. त्यात चमक आणणारी रसायनं असतात, ती काही वर्षांत विझतात आणि कागद पिवळसर दिसू लागतो.

कॅनव्हासवर छापायचा मोह होतो, कारण मूळ चित्र कॅनव्हासवर आहे. पण चांगल्या फोटोत मूळ कॅनव्हासची वीण आधीच उतरलेली असते. तो फोटो दुसऱ्या कॅनव्हासवर छापला की दोन विणी एकमेकींवर येतात आणि रोझलिनचा तो गुळगुळीत रेशीमपणा खरखरीत होतो. शिवाय कॅनव्हास लाकडी चौकटीवर ओढताना चारी बाजूंनी तीन-चार सेंटिमीटर चित्र मागे वळवलं जातं. कॅनव्हासच हवा असेल तर वळवण्यासाठी कडेला वेगळी जागा वाढवून घ्या.

पूर्ण प्रत काढण्याआधी चाचणीची पट्टी काढून घ्या. चित्राचा एक उभा तुकडा निवडा, ज्यात ओढणीचा सर्वांत गडद भाग, गाल आणि पोशाखाचं रेशीम असे तिन्ही येतील, आणि तो अंतिम आकारात, त्याच कागदावर छापायला सांगा. अख्ख्या चित्राची छोटी प्रत काढून बघण्याचा उपयोग नाही, तिच्यात गडद भाग कळत नाहीत. पट्टी थोडी वाळू द्या. मग ती दिवसा खिडकीजवळ, उन्हात न धरता, बघा आणि रात्री ज्या दिव्याखाली चित्र लागणार आहे त्याखालीही बघा. एकाच छपाईचे रंग दोन प्रकाशांत वेगळे दिसू शकतात. घड्या बुडाल्या असतील तर फक्त गडद भाग किंचित उचलायला सांगा, पूर्ण चित्र उजळायला नाही. या दोन सूचनांतला फरक प्रिंटवाल्याला नीट समजावून द्यावा, गरज पडली तर पट्टीवर पेन्सिलने गोल करून.

पट्टी पसंत पडली की तीच पट्टी दुकानात ठेवून पूर्ण प्रत काढायला सांगा, म्हणजे तुलनेला काहीतरी राहतं. प्रत मिळाल्यावर छापलेल्या भागाला बोट लावू नका, कागद दोन्ही हातांनी कडांना धरा. गुंडाळून आणली असेल तर घरी आल्यावर सपाट ठेवा. फ्रेम करण्याआधी किमान २४ तास, जमल्यास त्याहून जास्त, ती मोकळी राहू द्या. शाईतला ओलावा पूर्ण उडाला नसेल तर काचेच्या आतून धुकं धरल्यासारखा थर येतो. आणि लॅमिनेशनला नाही म्हणा. प्लास्टिकचा तो पापुद्रा काळ्याची खोली घालवतो आणि एकदा बसला की निघत नाही.

फ्रेमवाल्याकडे चौकटीची पट्टी निवडण्यात लोक तासभर घालवतात आणि आत काय जाणार याकडे बघत नाहीत. खरं तर चित्राचं आयुष्य आतल्या गोष्टींवर आहे. अनेक दुकानांत प्रत सरळ प्लायवर किंवा एमडीएफवर गोंदाने चिकटवतात. पावसाळ्यात लाकूड फुगतं, कागदाला फुगवटे येतात, लाकडातलं आम्ल कागद पिवळा करतं, आणि पुढे प्रत सोडवता येत नाही. त्याऐवजी प्रतीच्या मागे आम्लविरहित बोर्ड मागा, आणि प्रत फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी, कागदी पट्ट्यांनी टांगून बसवायला सांगा. मग तिला हवेप्रमाणे थोडं ताणायला-आकसायला वाव राहतो.

प्रतीच्या भोवती माउंट, म्हणजे मधे खिडकी कापलेला जाड बोर्ड, असावा. तो दिसायला चांगला असतोच, पण त्याचं मुख्य काम काच कागदापासून दूर ठेवणं हे आहे. काच कागदाला टेकली की दमट हवेत शाई काचेला चिकटते. १५ बाय १८ इंचांच्या चित्राला चारी बाजूंनी अडीच इंच माउंट दिला की बाहेरचं माप २० बाय २३ इंच होतं. माउंट मोतिया रंगाचा घ्या. शुभ्र माउंटशेजारी त्वचा मळकी वाटते. मूळ आकारात छापलं असेल आणि माउंट नको असेल तर काच आणि कागद यांच्यामध्ये बारीक पट्टी बसवायला सांगा. काच साधी घेतली तर काळ्या ओढणीत समोरची खिडकी आणि आपलाच चेहरा दिसत राहतो, म्हणून या चित्रापुरता तरी प्रतिबिंब कमी करणाऱ्या काचेवर खर्च करावा. चौकटीच्या पट्टीवरचे पैसे थोडे कमी केले तरी चालतील.

कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात राहणाऱ्यांना आणखी काळजी घ्यावी लागते. कागदाला ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. आपल्या पावसाळ्यात ती ८० च्या वर जाते. ओल येणारी बाहेरची भिंत टाळून आतल्या भिंतीवर चित्र लावा. फ्रेमच्या मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना रबराच्या किंवा बुचाच्या चकत्या लावा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यामधून हवा खेळते. फ्रेमची मागची बाजू टेपने नीट बंद असावी, नाहीतर कसर आणि बारीक किडे आत शिरतात. पावसाळा संपला की एकदा चित्र उतरवून मागून पाहून घ्यावं.

लावताना चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवा. आपल्याकडे देव-देवतांच्या आणि पूर्वजांच्या तसबिरी उंच लावायची पद्धत आहे, आणि त्याच सवयीने हेही चित्र वर जातं. पण ही स्त्री समोरच्याच्या डोळ्यांत बघते. ती दारावर चढली की तिची नजर आपल्या डोक्यावरून जाते. थेट ऊन पडणारी भिंत नको. दिवा लावायचा असेल तर उबदार रंगाचा एलईडी वरून तिरका सोडा, समोरून नको.

शेवटी फ्रेमच्या मागे एक कागद लावा आणि त्यावर पेन्सिलने लिहा: चित्रकार, चित्राचं वर्ष, मूळ चित्र कोणत्या संग्रहालयात आहे, फोटो कुठून घेतला, कोणत्या कागदावर आणि कोणत्या शाईने छापला, आणि छापल्याची तारीख. मूळ फाइल आणि चाचणीची पट्टीही एका पाकिटात जपून ठेवा. काही वर्षांनी रंग बदलले की नाही हे पाहायचं झालं तर अंधारात राहिलेली ती पट्टी भिंतीवरच्या ओढणीशेजारी धरता येईल.